जपानचा टायर, बोईसरचा पाऊस: देशोदेशीचे टायर वेगळे का असतात?

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या स्विफ्टचे पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते. पाऊस तोंडावर आलेला. नवीन टायर साडेपाच हजारांच्या आसपास पडत होता. हायवेवरच्या एका दुकानात मात्र ‘इंपोर्टेड सेकंड हँड’ टायर होते, बावीसशेला एक.

“साहेब, जपानी माल आहे. नक्षी बघा, नव्यासारखी. तिकडचे लोक दोन वर्षं वापरतात आणि फेकून देतात,” दुकानदार म्हणाला.

साइझ तीच, नक्षी खोल, ब्रँड मोठा. मी नखाने रबर दाबून बघितलं, मऊ लागलं. मऊ म्हणजे ग्रिप चांगली, असा माझा हिशोब. दोन्ही बसवून घेतले.

तीन आठवड्यांनी बोईसर-चिल्हार रस्त्यावर संध्याकाळी जोराचा पाऊस लागला. वेग पन्नास-पंचावन्न असेल. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मीही मारला. पायाखाली ब्रेक थरथरायला लागला, म्हणजे एबीएस चालू झालं होतं, पण गाडी सरकतच राहिली. टेम्पोच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर आई होती. ती एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून पहिल्यांदा टायरची बाजू नीट वाचली. त्यावर लिहिलं होतं: १८५/६५ आर१५ ८८क्यू. त्याच्या बाजूला ‘स्टडलेस’. आणखी एका ठिकाणी ‘स्नो’. आणि एका लांबट चौकटीत चार आकडे: ३८१७.

सर्च केल्यावर उलगडा झाला. जवळजवळ सात वर्षांपूर्वी, जपानमधल्या बर्फासाठी बनवलेला टायर मी पालघर जिल्ह्यातल्या जुलैमध्ये चालवत होतो. दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचून चुका शोधणं हे माझं काम. टायरवरचा कोड मात्र मी वाचलाच नव्हता.

तर हा लेख त्या कोडबद्दल आहे. आणि टायर गोल, काळा, रबरी असला तरी प्रत्येक देशात तो वेगळा का असतो, याबद्दल.

आधी टायर वाचायला शिकूया

टायरवर सगळं इंग्रजी अक्षरांत असतं. माझ्या गाडीला आता जे टायर आहेत त्यांच्यावर १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलंय. याचा अर्थ:

- १८५: टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ६५: बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची. ही रुंदीच्या ६५ टक्के. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर.
- आर: रेडियल. आतल्या धाग्यांची रचना. आजकाल कारचे जवळजवळ सगळे टायर रेडियलच असतात.
- १५: रिमचा व्यास, इंचांमध्ये. हो, एकाच ओळीत मिलिमीटरही आणि इंचही!
- ८८: लोड इंडेक्स. हे किलो नाहीत, हा तक्त्यातला नंबर आहे. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार.
- एच: स्पीड रेटिंग. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८० आणि क्यू म्हणजे १६०.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे एक्सप्रेसवेवरसुद्धा कारला मर्यादा १२० ची, मग २१० चा टायर कशाला? कारण हा आकडा फक्त वेगाचा नाही. जास्त वेगात टायर जास्त तापतो. म्हणजे वरचं रेटिंग असलेला टायर जास्त उष्णता सहन करू शकतो. आपल्यासारख्या उन्हाच्या देशात हा फरक कामाचा आहे.

आणि ते चार आकडे? पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३८१७ म्हणजे २०१७ सालचा ३८ वा आठवडा. ही पद्धत २००० सालापासून आहे. हे आकडे ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असतात. डीओटी म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं. अमेरिकेत विकायच्या टायरला हा कोड लागतोच, त्यामुळे जगभरातल्या बऱ्याच टायरवर तो सापडतो. पूर्ण कोड कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतो. दिसला नाही तर आतली बाजू बघा.

गाडी तीच, टायर वेगळा

सगळ्यात सोपं उदाहरण आमच्याच गाडीचं. भारतात स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ टायर येतो, खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४. इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या स्विफ्टला १८५/५५ आर१६ येतो.

कॅल्क्युलेटर उघडा. भारतातल्या १५ इंची टायरची साइडवॉल १२० मिलिमीटर, १४ इंचीची १३२. इंग्लंडमधल्या टायरची साधारण १०२. पूर्ण चाकाचा व्यास मात्र तिन्हींचा जवळपास सारखाच, ६१० ते ६२२ मिलिमीटरच्या दरम्यान. म्हणजे चाक तेवढंच, पण आपल्याकडे त्यात रबर जास्त आणि रिम लहान. तिकडे रिम मोठी आणि रबराची पट्टी बारीक.

का? बोईसर एमआयडीसीतून एकदा गाडी चालवून बघा, उत्तर मिळेल. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रस्त्याची कड आणि रिम यांच्यामध्ये फक्त ही साइडवॉल असते. ती उंच असेल तर दबते आणि धक्का पचवते. बारीक असेल तर रिमला पोचा येतो, किंवा आतले धागे तुटून टायरच्या बाजूला फुगा येतो. बारीक साइडवॉलचा फायदाही आहे: वळणावर गाडी कमी डुलते, स्टिअरिंग चटकन ऐकतं. पण त्यासाठी रस्ता सपाट हवा.

म्हणून दिसायला भारी म्हणून १७ इंची अलॉय व्हील टाकणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. इन्स्टावर गाडी छान दिसते, चिल्हार रस्त्यावर नाही टिकत.

थंड देश: सात अंशांचा खेळ

रबर तापमानाप्रमाणे बदलतं. थंडीत कडक होतं, गरमीत मऊ. टायर बनवणारे साधारण ७ अंश सेल्सिअस ही सीमा धरतात. त्याखाली आपल्यासारखे नेहमीचे टायर, ज्यांना युरोपात ‘समर टायर’ म्हणतात, कडक होऊन पकड सोडायला लागतात. म्हणून तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. त्यांचं रबर मऊ असतं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारखे बारीक बारीक चिरे असतात. बर्फात हे चिरे उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात.

अशा टायरची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं चांदणीसारखं फूल. वेगवेगळ्या देशांचे नियम बघा:

- जर्मनी: तारीख ठरलेली नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल तर हिवाळी टायर लागतातच. ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-फुलाची खूण असलेलेच टायर हिवाळी म्हणून धरले जातात. आधी ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढं लिहिलेलं चालायचं.
- कॅनडातला क्वेबेक प्रांत: १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे.
- स्वीडन: १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिवाळी स्थितीत असेल तर सक्ती. तिथे धातूचे खिळे बसवलेले टायरसुद्धा चालतात.
- जपान: इथली गोष्ट सगळ्यात मजेदार. बर्फाच्या भागात पूर्वी खिळ्यांचे टायर सर्रास वापरायचे. बर्फ नसलेल्या जागी ते खिळे डांबर खरवडायचे, आणि सेंदाईसारख्या शहरांत त्या धुळीने लोकांचा श्वास कोंडायला लागला. शेवटी १९९० मध्ये त्यावर बंदीचा कायदा आला. त्याआधीच कंपन्यांनी खिळ्यांशिवाय बर्फाला धरणारं मऊ रबर बनवलं होतं. तेच ‘स्टडलेस’, म्हणजे बिनखिळ्यांचे.

म्हणजे माझ्या टायरवरचा तो एक शब्द जपानमधल्या एका प्रदूषणाच्या भांडणातून आला होता. आणि मला तो नुसता डिझाइनचा भाग वाटला होता.

आता हाच टायर बोईसरला आणा. इथे पारा सात अंशांखाली जवळजवळ कधीच जात नाही, आणि उन्हात रस्ता पन्नास अंशांच्या पुढे सहज तापतो. आधीच मऊ असलेलं रबर आणखी मऊ होतं. चिरे मारलेले ठोकळे ब्रेक मारताना वाकतात, खोडरबर कागदावर घासल्यासारखे. टायर भराभर झिजतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते, ओल्या रस्त्यावरसुद्धा. माझ्या बाबतीत टायरचं वयही जास्त होतं, त्यामुळे त्या संध्याकाळचा सगळा दोष एकट्या चिऱ्यांवर टाकता येणार नाही. पण चुकीच्या देशाचा आणि चुकीच्या वयाचा टायर, दोन्ही एकत्र आले होते.

मऊ म्हणजे चांगली ग्रिप, हे माझं गणित अर्धवट होतं. कोणत्या तापमानाला मऊ, हा खरा प्रश्न.

गरम देश: टायरला ताप येतो तेव्हा

आता उलट टोक. आखाती देशांत बर्फाची चिंता नाही, उष्णतेची आहे. संयुक्त अरब अमिरातीत पाच वर्षांपेक्षा जुना टायर गाडीला चालत नाही. नक्षी कितीही खोल असू दे. कारण रबर वापर नसला तरी ऊन आणि हवेने आतून म्हातारं होतं.

उष्णतेचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण फायरस्टोन आणि फोर्ड एक्सप्लोररचं. १९९० च्या दशकात या गाड्यांच्या टायरचा वरचा थर वेगात असताना सुटायला लागला आणि गाड्या उलटायला लागल्या. तक्रारी सौदी अरेबिया, व्हेनेझुएला आणि अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या गरम राज्यांतून जास्त होत्या. फोर्डने आखाती देशांत १९९९ मध्येच टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेत मात्र ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावण्याची घोषणा झाली. तोवर बरीच माणसं गेली होती. फक्त अमेरिकेतल्या मृत्यूंचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला.

यात हवेचाही वाटा होता. फोर्डने हवा २६ पीएसआय सांगितली होती, टायर कंपनीचं म्हणणं ३० चं होतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापल्यावर थर सुटतात. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुढे प्रत्येक नव्या कारमध्ये हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, सक्तीची झाली.

हे आपल्यासाठी लांबचं नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. विदर्भातलं ऊन, तासन्‌तास १२० चा वेग आणि त्यात कमी हवा किंवा जुना टायर: कारण तेच. आपल्या हायवेवरही आता लांबच लांब काँक्रीट झालंय, तेव्हा हवा तपासल्याशिवाय मनोरच्या पुढे निघू नका. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नाही.

आणि आपण: पावसाचा देश

पालघर जिल्ह्यात वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणून आपल्यासाठी टायरचा सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड. इंग्रजीत वेट ग्रिप.

एक छोटा हिशोब करू. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय आणि तुम्ही ८० च्या वेगाने जाताय. ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. टायर १८५ मिलिमीटर रुंद. तिन्हींचा गुणाकार केला तर एका टायरला एका सेकंदात जवळपास १२ लिटर पाणी बाजूला सारायचं असतं. पाऊण बादली, दर सेकंदाला! हे पाणी टायरच्या खाचांतून बाहेर जातं. खाच उथळ असेल तर पाणी टायरखाली अडकतं, टायर त्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक मारा, गाडी ऐकत नाही.

कारसाठी खाचेची कायदेशीर किमान खोली भारतात १.६ मिलिमीटर आहे. युरोपातही तेवढीच. ती मोजायला पट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची जागा टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ किंवा छोट्या त्रिकोणाने दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. पण आपल्या पावसात तिथपर्यंत थांबू नका. ३ मिलिमीटरला आलात की पैसे जमवायला लागा.

आता ग्रिप किती आहे हे विकत घेताना कळणार कसं? इथे प्रत्येक देशाची पद्धत वेगळी:

- युरोप: फ्रिजसारखं लेबल. इंधन बचत आणि वेट ग्रिप यांना ए ते ई श्रेणी, शिवाय आवाज किती ते डेसिबलमध्ये. मे २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर क्यूआर कोडही आहे, मोबाइलने स्कॅन केला की त्या टायरची अधिकृत माहिती उघडते. जुनं लेबल ए ते जी होतं. त्या काळी सांगितलेला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: ८० च्या वेगात ओल्या रस्त्यावर ए आणि एफ श्रेणीच्या टायरमध्ये थांबण्याचं अंतर १८ मीटरपर्यंत वेगळं असू शकतं. माझा टेम्पो हातभर लांब होता, हे इथे आठवलं.
- अमेरिका: टायरवरच तीन गोष्टी कोरलेल्या असतात. ट्रेडवेअर म्हणजे टिकाऊपणाचा आकडा, ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड (डबल ए, ए, बी, सी) आणि टेंपरेचर म्हणजे उष्णता सोसण्याची ताकद (ए, बी, सी). ट्रेडवेअर ४०० म्हणजे १०० आकड्याच्या नमुना टायरपेक्षा चौपट टिकेल असा अंदाज. ही श्रेणी कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपून करा.
- भारत: जून २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एआयएस-१४२ या मानकाची अधिसूचना काढली. टायर घरंगळताना किती ऊर्जा खातो, ओल्यावर किती पकडतो आणि आवाज किती करतो, या तिन्हींसाठी मर्यादा आल्या. नव्या डिझाइनच्या टायरना त्या ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या. बीईईचं स्टार लेबलही टायरसाठी आहे, पण ते ऐच्छिक आहे आणि मुख्यतः इंधन बचतीबद्दल बोलतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंधन बचत आणि पकड यांची ओढाताण असते. सहज घरंगळणारा टायर मायलेज देतो, पण स्वस्तात दोन्ही गुण एकत्र मिळणं अवघड. दुकानात आपण पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर चालेल?’ असा विचारतो. ‘पावसात कसा थांबतो?’ हे विचारणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिला नाही. मीही विचारलं नव्हतं.

टायरचा पासपोर्ट

टायरच्या बाजूला बरेच शिक्के असतात. ते म्हणजे कोणकोणत्या देशात तो विकायला परवानगी आहे याची यादी. गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा असेल तर युरोपातली मान्यता. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. ‘सीसीसी’ म्हणजे चीन. ‘इन्मेट्रो’ म्हणजे ब्राझील. आणि आपला आयएसआय.

आपल्याकडे आयएसआय खूण २००९ च्या आदेशाने टायरला सक्तीची झाली. कारच्या टायरसाठी मानक आयएस १५६३३, स्कूटर-बाइक आणि रिक्षासाठी आयएस १५६२७. बाहेरच्या देशात बनलेल्या नव्या टायरलाही इथे विकायचं तर साधारणपणे हे लायसन्स घ्यावं लागतं. खुणेच्या खाली ‘सीएम/एल’ आणि एक नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप उघडा, लायसन्स पडताळणीत तो नंबर टाका, कोणत्या कंपनीला कशासाठी लायसन्स आहे ते लगेच दिसतं. दोन मिनिटांचं काम. माझ्या बावीसशेच्या टायरवर आयएसआय खूण नव्हतीच.

(ब्रँडच्या नावावरून देश ठरवू नका. सिएट आपल्याला घरची कंपनी वाटते, पण ते नाव इटलीतल्या तोरिनो शहरातल्या केबल कंपनीच्या आद्याक्षरांचं आहे. उलट व्रेडेस्टाइन हा डच ब्रँड २००९ पासून आपल्या अपोलोकडे आहे. नाव नाही, शिक्का बघा.)

मग तो टायर इथे आला कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. कारण कायद्याने तो इथे असायलाच नको होता. वापरलेले टायर तसेच पुन्हा वापरण्यासाठी भारतात आणायला २०१६ च्या घातक कचरा नियमांनी बंदी आहे. जून २०२० पासून तर नव्या टायरच्या आयातीलाही परवाना लागतो.

माझे दोन टायर कोणत्या वाटेने आले हे मला माहीत नाही. पण परदेशातले जुने टायर भारतात भंगार म्हणून येतात, आणि त्यातले काही आपल्या जिल्ह्यातच संपतात. वाडा तालुक्यात पायरोलिसिसचे कारखाने आहेत. पायरोलिसिस म्हणजे टायर बंद भट्टीत, ऑक्सिजनशिवाय, प्रचंड तापवणं. त्यातून तेल, काळी कार्बन पावडर आणि लोखंडी तार निघते. या कामासाठी टायर आयात करायला २०२२ पासून बंदी आहे. मार्च २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की ब्रिटनमधून ‘पुनर्वापरासाठी’ म्हणून निघालेले टायर भारतात येऊन भट्ट्यांमध्ये जातात. त्याच वर्षी जानेवारीत वाडा तालुक्यातल्या अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन दोन महिला आणि दोन मुलांचा मृत्यू झाला होता.

जर्मनी-जपानमध्ये टायरवर एवढे नियम आहेत. कोणता टायर कधी चालेल, किती खोल नक्षी हवी, सगळं ठरलेलं. पण तिथल्या नियमाने बाद झालेला टायर जगातून नाहीसा होत नाही. तो कुठेतरी जातो. आपल्याकडे आला तर भट्टीत जातो, नाहीतर ‘नव्यासारखा आहे साहेब’ म्हणून माझ्यासारख्याच्या गाडीला लागतो. दोन्हीकडे जीव आपल्याच माणसांचा.

टायर घेताना मोबाइल काढा आणि हे तपासा

१. साइझ, लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग: दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा कमी नको.
२. चार आकडे: नवा टायर घेताना सहा-आठ महिन्यांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. गाडीवरचा टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तपासून घ्या. स्टेपनी विसरू नका, ती न वापरताही म्हातारी होते.
३. आयएसआय खूण आणि सीएम/एल नंबर: ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा.
४. डोंगर-फुलाची खूण, ‘स्टडलेस’, ‘स्नो’ किंवा ‘विंटर’ असं काही दिसलं तर हात जोडा आणि निघा. नुसतं ‘एम+एस’ असेल तर घाबरायचं कारण नाही, आपल्याकडच्या काही एसयूव्ही टायरवरही ते असतं.
५. युरोपचं लेबल लावलेलं मॉडेल असेल तर वेट ग्रिपची श्रेणी शोधा. पण आधी नाव आणि साइझ तंतोतंत जुळवा. एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या देशांत वेगळ्या रबराचा असू शकतो.
६. बिल घ्या, त्यावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीसाठी तोच लागतो.
७. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे लावा, जास्त नक्षीचे पुढे नाही. पावसात मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं पुढची चाकं सुटण्यापेक्षा कठीण असतं.

शेवटचा मुद्दा मलाही उलटा वाटायचा. म्हणून मी ते दोन जपानी टायर पुढे लावले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते काढले आणि दोन नवे घेतले, आयएसआयवाले, ८८एच, त्या वर्षीच्या २१ व्या आठवड्यात बनलेले. जुने मी दुकानाला परत दिले नाहीत. परत दिले असते तर आठवड्याभरात दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागले असते. ते आमच्या घरामागे पडून आहेत, बाजूला भोकं पाडलेले. आईने त्यात अळू लावलाय.

आज घरी गेल्यावर तुमच्या गाडीच्या, किंवा बाबांच्या बाइकच्या, टायरचा फोटो काढा आणि ते चार आकडे वाचा. कितव्या आठवड्यातला निघाला ते खाली नक्की सांगा.